मोटारीच्या चारही चाकांना चालना : शक्तीच्या वाटणीचा एक शतकाचा इतिहास

प्रस्तावना :

मोटारगाडीच्या इतिहासलेखनात इंजिनाला जेवढे महत्त्वाचे स्थान लाभले तेवढे इंजिनापासून चाकापर्यंत शक्ती नेणाऱ्या यंत्रणेला लाभलेले नाही. त्यामुळे 'फोर-व्हील ड्राइव्ह' किंवा 'ऑल-व्हील ड्राइव्ह' हा विषय बहुधा शर्यतींच्या विजयकथांत अथवा विक्रीच्या माहितीपत्रकांत आढळतो. ही कल्पना १९८० साली जर्मनीत जन्मास आली असा एक समज प्रचलित आहे. ती जीपबरोबर आली असा दुसरा. हे दोन्ही समज कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाहीत. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्या विसाव्या शतकाच्या आरंभीच अस्तित्वात होत्या. प्रश्न शक्ती पोहोचविण्याचा नव्हता, तिची वाटणी कशी करावी आणि त्या वाटणीचा निर्णय कोणी घ्यावा, हा होता. या एका प्रश्नाला चालकाचा हात, दंतचक्रे, घट्ट द्रव आणि अखेरीस संगणक अशी वेगवेगळी उत्तरे मिळत गेली. प्रस्तुत लेखात या उत्तरांचा इतिहास मांडला आहे. गाडीच्या मागे लावलेल्या अक्षरांवरून आत यांपैकी कोणते उत्तर दडले आहे हे कळत नाही, आणि घाटातील निसरड्या वळणावर चालकाने काय करावे हे मात्र त्या उत्तरावरच अवलंबून असते.

वळणाचे गणित :

या इतिहासाचे मूळ एका साध्या भूमितीत आहे. गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूच्या चाकापेक्षा बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. या अडचणीवर डिफरन्शियल अर्थात विभेदक दंतचक्रांचा उपाय मोटारीच्या जन्माआधीच सापडला होता. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकातच वाफेच्या गाडीसाठी त्याची योजना केली होती. मात्र वळणावर केवळ डाव्या-उजव्या चाकांतच नव्हे, तर पुढच्या आणि मागच्या चाकांतही अंतराचा फरक पडतो. पुढची चाके नेहमी मोठ्या वर्तुळावरून जातात.

दुसऱ्या महायुद्धातील जीपचे उदाहरण घेता येईल. तिच्या पुढच्या व मागच्या आसांतील अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २.०३ मीटर होते. मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर काटकोनात वळला, तर तो ७.८५ मीटर जातो. त्याच वेळी पुढच्या आसाचा मध्य सुमारे ८.४८ मीटर जातो. एका काटकोनी वळणात ६२ सेंटिमीटरचा फरक पडतो. पुढचे व मागचे आस एकमेकांना ताठ जोडलेले असतील, तर हा फरक कोठेतरी जिरावाच लागतो. चिखलात, वाळूत किंवा बर्फात चाके थोडी घसरतात आणि फरक जिरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र चाके घसरत नाहीत. शाफ्ट पिळले जातात, टायर झिजतात, सुकाणू जड होते आणि अखेरीस एखादा जॉइंट किंवा दंतचक्र तुटते.

यावरचा तर्कशुद्ध उपाय म्हणजे पुढच्या व मागच्या आसांच्या दरम्यान तिसरे, मधले डिफरन्शियल बसविणे. पण साध्या डिफरन्शियलचा एक गुणधर्म येथे आड येतो. दोन्ही बाजूंना जाणाऱ्या फिरविण्याच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे, प्रमाण ते कायम ठेवते. एका बाजूचे चाक बर्फावर निरर्थक फिरू लागले की त्या चाकाला जेवढा नगण्य जोर लागतो त्याच प्रमाणात दुसऱ्या बाजूलाही मिळतो. म्हणजे तीन साधी डिफरन्शियल असलेल्या गाडीचे चारांपैकी एकच चाक चिखलात रुतले, तरी चारही चाकांची गाडी जागची हलत नाही. मधले डिफरन्शियल नसेल तर गाडी डांबरावर चालत नाही आणि असेल तर चिखलात चालत नाही. पुढील शंभर वर्षांतील बहुतेक सर्व शोध हे या पेचातून काढलेले मार्ग होत.

प्रारंभीचे प्रयत्न :

इंग्लंडमधील ब्रामा जोसेफ डिप्लॉक याने १८९३ साली वाफेच्या इंजिनासाठी चारचाकी चालनेचे पेटंट घेतले. १९०० साली तरुण फर्डिनांड पोर्शे याने लोनर कंपनीसाठी चारही चाकांच्या तुंब्यांत विजेच्या मोटारी बसविलेली गाडी तयार केली. तीत शाफ्ट नव्हते आणि डिफरन्शियलही नव्हते, त्यामुळे वर सांगितलेला पेच तिच्यापुढे उभाच राहिला नाही. परंतु बॅटऱ्यांच्या प्रचंड वजनामुळे ती वाट लवकरच बंद झाली. १९०३ साली नेदरलँड्समधील स्पायकर बंधूंनी सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना चालना असलेली गाडी बांधली. ती आजही हेग येथील लाउमन संग्रहालयात पाहावयास मिळते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल येथे ऑटो झॅखो आणि विल्यम बेसरडिख यांच्या प्रयत्नांतून चारचाकी चालनेच्या मालमोटारी बनविणारी कंपनी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात तिच्या व जेफरी कंपनीच्या हजारो मालमोटारी युरोपच्या चिखलात राबल्या.

या काळातील खरी अडचण पुढच्या चाकांची होती. पुढच्या चाकाला वळायचेही असते आणि शक्तीही घ्यायची असते. साधा युनिव्हर्सल जॉइंट कोनात वळला की त्याचा वेग एका फेऱ्यात कमी-जास्त होतो व चाकाला हिसके बसतात. १९२६ साली फ्रान्समधील ग्रेगुआर व फेनाय यांचा 'ट्राक्टा' जॉइंट आणि १९२७ साली आल्फ्रेड झेपा याने पेटंट घेतलेला गोळ्यांचा जॉइंट यांमुळे ही अडचण दूर झाली. जीपची कीर्ती ज्यांच्या कानी आहे त्यांपैकी फारच थोड्यांनी या जॉइंटांची नावे ऐकलेली असतात. पण त्यांच्यावाचून जीप झाली नसती.

लिव्हर आणि चालकाचा हात :

१९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा मागविल्या. बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट याने आराखडा केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पहिला नमुना लष्कराच्या हाती पडला. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. या गाडीत मधले डिफरन्शियल नव्हते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस होता आणि चालकाजवळ मुख्य गिअरखेरीज दोन छोटे लिव्हर होते : एकाने पुढचा आस जोडायचा वा सोडायचा, दुसऱ्याने चढासाठी मंद गती निवडायची. डांबरी रस्त्यावर पुढचा आस सोडून द्यावा, चिखल लागताच जोडावा, अशी अपेक्षा असे. म्हणजे पेच यंत्राने सोडविला नाही. तो चालकाच्या शहाणपणावर सोपविला. युद्धकाळात हे उत्तर योग्यच होते. लष्करी चालक प्रशिक्षित असे, गाडी स्वस्त व दुरुस्तीस सोपी हवी होती आणि टायर किती काळ टिकतील याची चिंता कोणास नव्हती.

याच जीपचा महाराष्ट्राशी संबंध आला. अमेरिकेत 'इंडिया सप्लाय मिशन'चे काम पाहणारे के. सी. महिंद्रा यांनी ही गाडी तेथे पाहिली होती. १९४५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढील चार दशकांत 'जीप' हा मराठी शब्दच झाला. तहसीलदाराची जीप, निवडणुकीच्या प्रचाराची जीप, पश्चिम महाराष्ट्रातील वडापची जीप ही खेड्यांच्या जीवनाची अंगे बनली. येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. किंमत व इंधन यांचा विचार करून यांपैकी अनेक गाड्या केवळ मागच्या चाकांच्या चालनेवर विकल्या गेल्या. ज्या गुणधर्मामुळे जीप जन्मास आली तो गुणधर्मच गळून पडला आणि नाव मात्र उरले. नाव आणि यंत्रणा यांची अशी फारकत या इतिहासात पुढेही पुन्हा दिसते.

१९४८ साली आलेल्या पहिल्या लँड रोव्हरमध्ये वेगळा मार्ग अवलंबिला होता. तिची चारही चाके कायम जोडलेली असत; परंतु पुढच्या आसाकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखी योजना होती, जिच्यामुळे वळणावर पुढची चाके अधिक वेगाने फिरू शकत. थोड्याच काळात ही योजना सोडून लँड रोव्हरनेही लिव्हरचा मार्ग धरला. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये आणि १९७७ च्या सोव्हिएत 'निवा'मध्ये मात्र मधले डिफरन्शियल आले, तेही चालकास हवे तेव्हा कुलूपबंद करता येईल असे. डांबरावर कुलूप उघडे, चिखलात बंद. पेच येथे बऱ्याच अंशी सुटला. तरी कुलूप कधी लावावे हे ठरविणे चालकाकडेच राहिले.

फर्ग्युसन यांचा आग्रह :

ट्रॅक्टरच्या इतिहासात अजरामर झालेले हॅरी फर्ग्युसन यांनी उत्तरायुष्यात एकच ध्यास घेतला : सामान्य माणसाची गाडी चारही चाकांनी चालावी आणि तिला घसरण्यापासून यंत्रानेच वाचवावे. टोनी रोल्ट यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी उभारलेल्या संस्थेने फर्ग्युसन पी-९९ ही शर्यतीची गाडी बांधली. फर्ग्युसन १९६० साली निवर्तले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात स्टर्लिंग मॉस याने औल्टन पार्क येथील ओल्या मार्गावर गोल्ड कप शर्यत या गाडीतून जिंकली. ती विश्वविजेतेपदासाठी गणली जाणारी शर्यत नव्हती; तरी फॉर्म्युला वन गाड्यांच्या शर्यतीत चारचाकी चालनेचा तो एकमेव विजय ठरला.

१९६६ साली हीच पद्धती जेन्सन एफएफ या रस्त्यावरच्या मोटारीत आली. तिच्या मधल्या डिफरन्शियलने टॉर्कची वाटणी पुढे ३७ टक्के आणि मागे ६३ टक्के अशी असमान केली होती. शिवाय विमानांसाठी विकसित झालेली डनलॉपची 'मॅक्सारेट' ही चाके जखडू न देणारी ब्रेक यंत्रणा तीत होती. चारचाकी चालना आणि असे ब्रेक ही जोडी एकाच गाडीत आणण्याचा विचार काळाच्या कितीतरी पुढचा होता. चाके घसरू न देता वेग घेणे आणि चाके घसरू न देता थांबणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे फर्ग्युसन यांच्या सहकाऱ्यांना नीट उमगले होते. ग्राहकांना ते आजही उमगलेले असतेच असे नाही. गाडी महाग होती आणि तिच्या रचनेमुळे सुकाणू डावीकडे नेणे शक्य नव्हते. परिणामी अमेरिकेची बाजारपेठ बंद राहिली. १९७१ पर्यंत अवघ्या ३२० गाड्या बनल्या. व्यापारी दृष्ट्या हा प्रयोग फसला. परंतु त्यातूनच विस्कस कपलिंगचा मार्ग निघाला.

घट्ट द्रवाचे उत्तर :

विस्कस कपलिंग म्हणजे एक बंद डबा. त्यात पातळ पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. निम्म्या एका शाफ्टला, निम्म्या दुसऱ्या शाफ्टला जोडलेल्या. मधल्या जागेत सिलिकॉनचा घट्ट द्रव असतो. दोन्ही शाफ्ट जवळजवळ एकाच वेगाने फिरत असतील तर द्रव विरोध करीत नाही आणि वळणावरचा थोडा फरक सहज जिरतो. एका आसाची चाके घसरून वेगाने फिरू लागली की द्रवाचा विरोध वाढतो आणि दुसऱ्या आसाकडे टॉर्क जातो. लिव्हर नाही, चालकाचा निर्णय नाही. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या अमेरिकन मोटर्सच्या 'ईगल' या साध्या प्रवासी मोटारीत ही योजना होती. १९८० च्या दशकात फोक्सवॅगनने 'सिंक्रो' या नावाने ती गोल्फमध्ये आणली.

तिच्या मर्यादाही द्रवाच्याच आहेत. चाक आधी घसरले पाहिजे, मगच मदत येते. पुढच्या व मागच्या टायरांची झीज असमान असेल तर डबा अकारण सतत तापतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ब्रेक दाबल्यावरही द्रव दोन्ही आसांना एकमेकांशी बांधून ठेवू पाहतो, तर चाके जखडू न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेला प्रत्येक चाक स्वतंत्र हवे असते. म्हणूनच गोल्फ सिंक्रोमध्ये मागच्या आसाजवळ वेगळे फ्रीव्हील बसवावे लागले.

वीजमंडळाची गरज आणि शर्यतीचे वैभव :

१९८० नंतरच्या प्रसिद्धीच्या झगमगाटात एक साधी घटना झाकोळली गेली. जपानच्या ईशान्येकडील तोहोकू वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना हिवाळ्यात डोंगराळ भागातील वाहिन्यांची पाहणी करावी लागे. जीप वापरात होत्या, पण त्या थंड, उघड्या व त्रासदायक होत्या. कंपनीच्या मागणीवरून सुबारूच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीला मागच्या आसाची जोड देण्यात आली आणि त्या प्रयोगातून १९७२ साली 'लिओन' ही चारचाकी चालनेची स्टेशन वॅगन बाजारात आली. तिची यंत्रणा जीपसारखीच लिव्हरची होती, म्हणजे तांत्रिक दृष्ट्या नवे काही नव्हते. नवीन होता तो ग्राहक : सैनिक नव्हे, शर्यतपटूही नव्हे, तर बर्फात कामावर जाणारा नोकरदार.

ऑडीच्या 'क्वाट्रो'ची कथा याच्या पुढची आहे. १९७७ च्या हिवाळ्यात उत्तर युरोपातील चाचण्यांत फोक्सवॅगनची 'इल्टिस' ही साधी लष्करी गाडी कितीतरी अधिक शक्तीच्या मोटारींना बर्फावर मागे टाकते, हे अभियंता यॉर्ग बेन्सिंगर याच्या ध्यानी आले. फर्डिनांड पिएख यांनी ही कल्पना उचलून धरली आणि मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो प्रकट झाली. तिच्यातील कल्पकता एका पोकळ शाफ्टमध्ये होती. गिअरबॉक्समधील एक शाफ्ट पोकळ केला. त्यातून शक्ती मागे मधल्या डिफरन्शियलकडे गेली आणि पुढच्या आसाचा वाटा त्याच पोकळीतून जाणाऱ्या दुसऱ्या शाफ्टने परत पुढे आला. जड ट्रान्सफर केसची गरजच उरली नाही. १९८१ साली मिशेल मूटाँ हिने सान रेमो रॅली जिंकली. १९८३ मध्ये हन्नु मिक्कोला आणि १९८४ मध्ये स्टिग ब्लोमक्विस्ट हे क्वाट्रोतून विश्वविजेते झाले. मात्र आरंभीच्या क्वाट्रोत डिफरन्शियलचे कुलूप चालकालाच लावावे लागे, हे तिच्या गौरवगाथेत सहसा सांगितले जात नाही.

हे कुलूप १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'टॉर्सन' डिफरन्शियलने नाहीसे केले. व्हर्नन ग्लीसमन या अमेरिकी संशोधकाने १९५८ साली पेटंट घेतलेली ही रचना मळसूत्री दंतचक्रांवर आधारलेली आहे. वळणावरचा वेगफरक ती मुकाट्याने होऊ देते. पण एक बाजू सैल पडू लागली की दंतचक्रांमधील घर्षणच जोर दुसऱ्या बाजूकडे वळविते. घसरण सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही, हा तिचा द्रवावरील मोठा विजय होय. तरीही तिचे काम गुणाकाराचे आहे. सैल बाजूला जेवढा टॉर्क पेलवतो त्याच्या काही पटच दुसऱ्या बाजूला मिळतो. एखादे चाक हवेत अधांतरी लटकले तर शून्याची कोणतीही पट शून्यच. दंतचक्रांनी दिलेल्या उत्तरांपैकी हे सर्वांत सुंदर उत्तर आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. परंतु पुढे टिकले ते दुसरेच.

संगणकाचा प्रवेश :

१९८९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये चाकांचा वेग आणि गाडीवरील त्वरण मोजून संगणक अनेक चकत्यांचा क्लच कमी-अधिक दाबीत असे व त्यानुसार पुढच्या आसाला टॉर्क मिळे. हे तंत्र महागड्या गाड्यांतून सामान्य मोटारींत आणले ते स्वीडनच्या हाल्डेक्स कंपनीने. १९९८ पासून फोक्सवॅगन गोल्फ आणि ऑडी टीटीमध्ये बसलेल्या तिच्या कपलिंगमध्ये दोन्ही आसांतील वेगफरकच एक छोटा पंप चालवी, त्या तेलाच्या दाबाने क्लचच्या चकत्या आवळल्या जात आणि किती आवळायचे हे संगणकाच्या ताब्यातील झडप ठरवी. पुढे विजेचा पंप जोडून घसरण होण्याआधीच दाब तयार ठेवण्याची सोय झाली. गंमत अशी की टीटीच्या मागेही 'क्वाट्रो' हेच नाव झळकत राहिले. एकाच नावाखाली मधले डिफरन्शियल असलेली कायमची चालना आणि बहुतांश पुढच्या चाकांवर चालून गरजेपुरती मागची चाके जोडणारी यंत्रणा, असे दोन वेगळ्या स्वभावांचे प्रकार विकले गेले.

ही पद्धती का जिंकली, याचे उत्तर बर्फावरील पकडीत शोधणे चुकीचे ठरेल. केवळ पकडीचा विचार केला तर टॉर्सन किंवा कुलूपबंद डिफरन्शियल तिच्यापेक्षा उणे नाही. तिच्या यशाची कारणे दोन. आडव्या बसविलेल्या इंजिनाच्या स्वस्त मोटारीत ती सहज मावते. आणि ब्रेक दाबताच झडप क्षणात उघडून ती दोन्ही आस मोकळे करते, त्यामुळे गाडीचा तोल सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला अडथळा होत नाही. १९९७ च्या मर्सिडीझ एम-क्लासने तर कुलपेच काढून टाकली : तिन्ही डिफरन्शियल साधी ठेवून घसरणाऱ्या चाकाला संगणकामार्फत ब्रेक लावला की जोर आपोआप दुसरीकडे वळतो. ब्रेकनेच डिफरन्शियलचे काम करावे, ही कल्पना फर्ग्युसन यांच्या पिढीला चमत्कारिक वाटली असती.

या टप्प्यावर माहितीपत्रकांतील टक्केवारीविषयी एक स्पष्टीकरण आवश्यक ठरते. '५०:५०' ही संख्या साध्या डिफरन्शियलच्या संदर्भात खरी वाटणी सांगते. जीपसारख्या ताठ जोडणीत मात्र वेग समान असतो, टॉर्क नव्हे. ज्या आसाखाली पकड असेल तिकडे जवळजवळ सारा टॉर्क जातो. क्लचच्या यंत्रणेत ती संख्या केवळ एक कमाल मर्यादा असते. तीन वेगळ्या अर्थांच्या संख्या एकाच रकान्यात मांडून केलेली तुलना निरर्थक होय.

वीज, आणि पुन्हा लिव्हर :

२००१ साली टोयोटाने जपानमध्ये विकलेल्या 'एस्टिमा' हायब्रिडमध्ये मागच्या आसाला स्वतंत्र विजेची मोटार दिली आणि पुढच्या-मागच्या आसांना जोडणारा शाफ्टच वगळला. त्यानंतर संपूर्ण विजेवर चालणाऱ्या दोन मोटारींच्या गाड्या आल्या. पुण्यात घडलेल्या टाटांच्या हॅरियरच्या विद्युत आवृत्तीतही २०२५ पासून ही रचना मिळू लागली. आसांमध्ये ताठ जोडणीच नसल्यामुळे ६२ सेंटिमीटरचा तो फरक जिरविण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. १९०० साली पोर्शेने टाळलेला पेच त्याच रीतीने पुन्हा टळला आहे. वाटणीचा निर्णय मात्र पूर्णतः संगणकाच्या आज्ञावलीत गेला असून चालकाला तो दिसत नाही.

महाराष्ट्रातील कारखान्यांकडे पाहिले असता हे टप्पे एकापाठोपाठ एक न येता एकाच वेळी नांदताना दिसतात. पुण्याजवळील रांजणगाव येथे २०१७ पासून बनू लागलेल्या जीप कंपासच्या चारचाकी आवृत्तीत मागचा आस संगणकच जोडतो वा सोडतो. तिच्या नावात 'जीप' असली तरी तिच्यात चालकाच्या हातचा तो जुना लिव्हर नाही. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० च्या आवृत्तीत मात्र तो आहे. नव्या गाडीच्या मालकाला तो कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढून ठेवण्याचा मोह होतो, कारण चारही चाके जोडली म्हणजे गाडी अधिक सुरक्षित झाली अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता यांवरच ठरते. दोन चाकांची चालना असो वा चारांची, ते तेवढेच राहते. आणि कोरड्या घाटात जोडलेला पुढचा आस १९४१ च्या जीपप्रमाणेच वळणावळणाला शाफ्ट पिळीत राहतो.